लोणारला जाताय? मग ज्ञान घरूनच घेऊन जा

लोणारचं सरोवर बघायला जायचं ठरवलंय? उत्तम. मग आधी चार गोष्टी ऐकून घ्या. गेल्या जानेवारीत पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरने मी ही सहल केली. माझ्या मागच्या सीटवर एक काका होते. पुढचं सगळं शिक्षण मी त्यांच्याकडे पाठ करून, तब्बल दोन दिवस, घेतलेलं आहे.

पहिलं म्हणजे, निघण्याआधी काहीही वाचू नये. वाचलं की मतं पातळ होतात. ‘जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर’ एवढं एक वाक्य दोन दिवसांना पुरतं. सिंदखेडराजा मागे पडलं की दर दहा मिनिटांनी म्हणावं. कोणी म्हणालंच, की अहो, लोणार जेमतेम १.८ किलोमीटर रुंद आहे, मध्य प्रदेशातलं ढाला सुमारे ११ किलोमीटर, मेक्सिकोतलं चिक्शुलूब तर १८०च्या आसपास, तर ‘ते वेगळं’ म्हणून खिडकीबाहेर बघावं. बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात उल्केने पाडलेलं इतकं शाबूत विवर जगात दुर्मीळ आहे, हे लोणारचं खरं मोठेपण. पण त्यात नंबर नाही. आणि दहावीच्या निकालापासून आपल्याला नंबराशिवाय कौतुक करता येत नाही.

काठावरची पाटी वाचू नये. पाट्या इतरांसाठी असतात.

पाणी गुलाबी नसेल तर गाइडला जाब विचारावा. ‘आम्ही फोटोत बघितलंय’ हे आवाज चढवून म्हणावं. तो बिचारा सांगेल, की जून २०२०मध्ये उन्हाने पाणी आटून खारटपणा फार वाढला, हॅलोआर्किया नावाचे मीठखाऊ सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झालं आणि पावसानंतर रंग गेला. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेत नमुने तपासले, तेव्हा जीव तळाशी बसल्यावर वरचं पाणी नितळ दिसलं होतं. हे सगळं ऐकून घेऊन काकांनी निदान केलं, ‘लॉकडाउनमुळे प्रदूषण कमी झालं होतं, म्हणून गुलाबी. आता वाढलं, म्हणून हिरवं.’ आणि बाटलीतलं पाणी पिऊन बाटली तिथेच ठेवली. प्रदूषणाचा अभ्यास असा प्रत्यक्ष करावा.

लोहचुंबक जरूर न्यावं. मातीत फिरवलं की काळे कण चिकटतात. ‘बघा, उल्केचं लोखंड!’ असं ओरडावं. दख्खनच्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज असतंच, आपल्या सोसायटीच्या बांधकामावरच्या वाळूतही बहुतेक तेच चिकटेल, हे घरी गेल्यावर करून बघू नये. मजा जाते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वयाचा विषय निघाला की सोडायचं नाही. गाइड म्हणाला, आधी एका पद्धतीने या विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं आलं होतं. पुढे आघाताने वितळलेल्या खडकात काळाबरोबर साठत जाणारा आर्गॉन वायू मोजला, तर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. झालं! काका सीटवरून, म्हणजे कठड्यावरून, उठलेच. ‘म्हणजे यांचं यांनाच ठरत नाही! मग आमच्या लवणासुराने काय घोडं मारलंय?’ टाळ्या पडल्या. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पण जरा विचार करा. लवणासुर म्हणजे इथल्या दंतकथेतला, विष्णूच्या हातून मेलेला दैत्य. त्याने काहीच घोडं मारलेलं नाही. खाली गावात दैत्यसूदनाचं, म्हणजे त्याच विष्णूचं, इतकं सुंदर मंदिर आहे, ती कथा तिथे उभं राहून ऐकावी. पण हे ‘यांचं यांनाच ठरत नाही’ काय प्रकरण आहे? तुमची शुगर एका लॅबमध्ये एक आली आणि दुसरीत दुसरी, तर तुम्ही तिसऱ्या लॅबमध्ये जाता की जिलबी खायला बसता? १८२३मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने या तळ्याची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेकांनी हे ज्वालामुखीचं तोंडच मानलं. मग १९७०च्या दशकात तळाखाली भोकं पाडून खडक वर काढला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. म्हणजे असं खनिज, की जे न वितळता, नुसत्या धक्क्याने काच झालंय. असला दाब ज्वालामुखीत येतच नाही. दीडशे वर्षांचं मत लोकांनी एका काचेपायी सोडून दिलं. आणि आपण? काकांना ‘तिसरं मोठं नाही हो’ म्हटलं तर गाडीत दोन तास अबोला!

त्यातच आमच्याबरोबरच्या एका सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘मग उल्का कुठे गेली?’

अख्ख्या सहलीतला एकमेव शहाणा प्रश्न. गाइड खाली बसला, तिच्या उंचीला आला, हातात ढेकूळ घेतलं. तो दाखवणार होता, की इतक्या वेगाने आदळल्यावर उल्काच भुगा होते, वाफ होते, म्हणून विवर उरतं आणि पाडणारा उरत नाही. तेवढ्यात वरून आवाज आला, ‘बाळा, ती अमेरिकेने नेली.’ सगळे हसले. मुलगी गप्प झाली. गाइडने ढेकूळ टाकलं, हात झटकले आणि ‘चला, पुढे गोमुख बघू’ म्हणाला.

इथे मला विनोद सुचत नाहीये. काका, ते पोरगं तुम्हाला विचारत नव्हतं. ज्याला माहीत होतं, त्याला विचारत होतं. पाच मिनिटं तोंड मिटून बसला असतात, तर काय बिघडलं असतं? तुम्हाला अचंबा हवा, फोटो हवा, घरी जाऊन चार जणांना सांगायला काहीतरी हवं. फक्त ऐकून घ्यायला नको. आणि हे तुम्हा एकट्याला नाही, त्या हसणाऱ्या सगळ्यांना सांगतोय. मलासुद्धा.

आणखी एक. उतरताना तुम्ही खिशात घातलेला तो काळा दगड मी पाहिलाय. अभयारण्यातून असं काही उचलायचं नसतं, पाटीवर लिहिलेलं होतं. शोकेसमध्ये ‘उल्केचा तुकडा’ म्हणून ठेवला असेल तर काढा. साधा बेसाल्ट आहे तो. वेताळ टेकडीवर पायाखाली तोच असतो.