तासाला वीस मिनिटं

आज दहावीचा निकाल लागला. नातेवाइकांच्या ग्रुपवर दुपारपासून पेढ्यांचे फोटो चालू होते. संध्याकाळी त्यात एकाने लिहिलं, "यांचं बरं असतं. सर्टिफिकेट आणायचं, जास्तीचा वेळ घ्यायचा, लेखनिक घ्यायचा. आमच्या पोरांनी मात्र घासायचं." खाली तीन अंगठे आणि दोन हसरे चेहरे. ज्या मुलाबद्दल हे लिहिलं त्याला अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे समजतं सगळं, पण वाचता-लिहिताना अडतं. त्याला चौऱ्याहत्तर टक्के पडलेत. त्याची आई त्याच ग्रुपवर आहे.

तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये.

माझा दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कराडला आमची शाळा एकच. तो पाचवीत आणि मी तिसरीत असताना एके दिवशी शिपाईमामा मला वर्गातून बोलवायला आले. दादाच्या वर्गात नेलं. दादा बाकावर उभा होता. सरांनी त्याचंच मराठीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, वाच. मी वाचलं. कुठेही न अडखळता, घडाघडा. सरांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि दादाला म्हणाले, "एवढीशी बहीण वाचते बघ. ढ कुठला."

आणि मला छान वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात म्हणून तुमचा जीव जळतो ना? मग जरा बघा त्या मुलाला पान कसं दिसतं ते. आपल्याला वाटतं मराठी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो. 'किती' लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मात्र क च्या नंतर. एकच र, पण सूर्य मध्ये डोक्यावर, प्रकाश मध्ये पोटात, ट्रक मध्ये पायाशी, दऱ्या मध्ये आणखी निराळा. दादाला हे सगळं कळायचं. तोंडी विचारा, धडाच्या धडा समजावून सांगायचा. कागदावर आलं की अक्षरं त्याच्या हातातून निसटायची. आकड्यांचंही तेच. पंचवीस म्हटलं की कानावर आधी पाच येतो, म्हणून तो आधी ५ लिहायचा आणि मग २. बावन्न! त्यावरून बाबांचा मार खाल्लेला आठवतोय. बाबांवर आता राग नाही. त्यांना सांगणारं कोण होतं?

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसला 'वीस पाच' आणलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. गणितज्ज्ञ मंगला नारळीकरांसारखी बाई मुलांना का अडतं ते समजावून सांगत होती आणि लोक विनोद फॉरवर्ड करत होते. भाषेचा गोडवा जातो म्हणे. असेल, जात असेल. मी मात्र त्या दिवशी रडले होते.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. टाळ्या मिळाल्या त्या रात्री दादाने तोच धडा माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. नुसता ऐकत बसला. दुसऱ्या दिवशी सरांनी उभं केलं तर त्याने सगळा धडा म्हणून दाखवला. सरांनी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुठला? तिथे सापडला. त्या दिवशीच्या छड्या न वाचल्याबद्दल नव्हत्या, फसवल्याबद्दल होत्या.

आपल्या राज्य सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायचं १९९६ मध्येच ठरवलं होतं. दादा दहावीला बसला मार्च १९९८ मध्ये. दोन वर्षं झाली होती! आमच्या गावात एकाही माणसाला माहीत नव्हतं. शाळेला नाही, क्लासवाल्यांना नाही. तो इंग्रजी आणि गणितात गेला. मग ऑक्टोबर, मग मार्च, मग परत ऑक्टोबर. २००० मध्ये मला दहावीला एकोणनव्वद टक्के पडले आणि आमच्या घरी पेढे आले नाहीत. आईने शेजारीसुद्धा सांगितलं नाही, दादाला वाईट वाटेल म्हणून. मी कित्येक महिने दादाशी नीट बोलले नाही. माझा पेढा त्याने खाल्ला असं वाटायचं. लहान होते. पण इतकीही लहान नव्हते.

बोगस सर्टिफिकेटं निघतात, मान्य. निघत असतील तर देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला पकडा. अध्ययन अक्षमता दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात आली, १९९५च्या कायद्यात तिचं नावही नव्हतं. इतक्या उशिरा मिळालेलं आहे हे.

आणि कृपा करून "अशा मुलांमध्ये काहीतरी अलौकिक गुण असतो" हेही मला सांगायला येऊ नका. माझ्या दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बिलं वहिनी लिहिते. काम चांगलं करतो, गावात चार माणसं करतात तसंच. अलौकिक काही नाही. छड्या न खाण्यासाठी पोराने अलौकिक असायलाच हवं का?

मघाशी त्याचा फोन आला. तो त्याच ग्रुपवर आहे. टाइप करत नाही, व्हॉइस नोट पाठवतो, आणि मोठा मेसेज असला की मला विचारतो. म्हणाला, "ग्रुपवर काय चाललंय गं? वाचून दाखव."

मी वाचलं. अभिनंदन, अभिनंदन, पेढे कधी, अभिनंदन. तो मेसेज सोडून पुढे गेले.

"मधलं काहीतरी गाळलंस," तो म्हणाला. आयुष्यभर कानांवरच काढलंय त्याने, माझा आवाज बदललेला त्याला कळतो.

मग वाचला. अगदी सावकाश, अडखळत वाचला.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्या पोराचा नंबर पाठव. बोलतो मी त्याच्याशी."