पासवर्ड घरचा, दारचा आणि झेरॉक्सवाल्याचा

पासवर्ड लक्षात ठेवणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. मे महिन्यात ज्याच्या कूलरची मोटर जळाली आहे आणि पोराच्या शाळेची फी भरायची राहिली आहे, त्यानं बँक, ईमेल, गॅस, रेल्वे, विमा असे पंधरावीस पासवर्ड डोक्यात ठेवायचे म्हणजे जुलूम झाला. ब्राउझरला (क्रोम, फायरफॉक्स वगैरे) आपली दया येते. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ असं तो कोपऱ्यातून अदबीनं विचारतो आणि आपण प्रश्न पुरता न वाचता ‘हो’ म्हणून मोकळे होतो. इथवर, खरं सांगायचं तर, फारसं काही बिघडलेलं नसतं. नुकसान व्हायचं तर पुढे आपल्यालाच थोडी मेहनत घ्यावी लागते. नागपूरकर मेहनतीत मागे नाही, फक्त दिशा दाखवणारा पाहिजे.

सुरुवात बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या, एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातून करा. भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस निवडा, म्हणजे विचार करायला वेळ उरत नाही. की-बोर्डवरची अक्षरं झिजलेली, माऊसखाली कुणाच्या तरी जातप्रमाणपत्राची उलटी झेरॉक्स, आणि खुर्चीवर बसलेला पोरगा तुमच्याकडे न पाहताच म्हणतो, ‘‘पासवर्ड बोला काका. जोरात बोला, मागं लाइन लागून राहिली.’’ बोला. मागच्या लाइनीलाही ऐकू जाऊ द्या. कोपऱ्यातली ती चौकट उगवली की पोरगा सवयीनं ‘सेव्ह’ दाबेल, त्याला अडवू नका. दिवसाला शंभर गिऱ्हाइकं करणाऱ्या माणसाचा हात धरणं शिष्टाचाराला सोडून आहे. निघताना लॉगआउट करायला सांगणं म्हणजे तर त्याच्या इमानावर शंका घेणं. आणि ब्राउझरमध्ये मागे काही न ठेवणारी ती खासगी खिडकी का काय म्हणतात, ती उघडायला लावणं? बाप्पा! लोक काय म्हणतील?

आता त्या दुकानात पुढचा जो कुणी बसेल, त्यानं ब्राउझरचे तीन ठिपके दाबले, सेटिंग्जमध्ये गेला आणि पासवर्ड मॅनेजर उघडला, की अख्ख्या बर्डीची यादी समोर. डावीकडे साइटचं नाव, त्यावर टिचकी मारली की युजरनेम, खाली काळे ठिपके आणि ठिपक्यांशेजारी एक छोटा डोळा. डोळा दाबला की ठिपक्यांची अक्षरं होतात. २०१३ साली क्रोमवर यावरून बरीच टीका झाली होती, कारण तेव्हा डोळा दाबणाऱ्याला कुणी काहीच विचारत नव्हतं. त्यानंतर कॉम्प्युटरचा स्वतःचा पिन किंवा पासवर्ड विचारायची पद्धत आली. दुकानदारांनी या अडचणीवर उपाय काढलेला आहे: कॉम्प्युटरला पासवर्डच ठेवायचा नाही. मग ब्राउझर तरी विचारणार काय?

घरी मात्र पिन ठेवा, १२३४. तो मुलाला, भाच्याला आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला सांगून ठेवा, न जाणो कधी प्रिंट काढायची वेळ आली तर. फायरफॉक्सवाले असाल तर तिथे सगळ्या पासवर्डांवर मिळून एक मुख्य पासवर्ड लावायची सोय आहे. ती मुळात बंदच असते. बंदच राहू द्या, चालू गोष्टीत हात घालू नये.

महिन्यातून एकदा पासवर्ड ‘बदलत’ जा. त्यासाठी बँकेच्या साइटवर जायचं नाही. ब्राउझरच्या यादीतच ‘एडिट’ दाबायचं, जुना खोडायचा, नवा लिहायचा आणि समाधानानं तर्री-पोहे खायला निघायचं. बँकेला या बदलाचा पत्ताही नसतो, तिच्याकडे जुनाच पासवर्ड असतो. दुसऱ्या दिवशी ब्राउझर नवा भरतो, बँक तो नाकारते, आणि तीन-चारदा असं झालं की खातं लॉक. मग शाखेत जाऊन ‘‘तुमची सिस्टीमच बेकार आहे’’ असं खिडकीवरच्या बाईंना सुनावता येतं. हीच रीत खोडतानाही पाळा. यादीतून नोंद उडवली की खातंच बंद झालं असं समजा. प्रत्यक्षात साइटवरचं खातं जिवंत राहतं. तुमच्या आठवणीतून तेवढं जातं, आणि सिंक, म्हणजे दोन्हीकडे एकच यादी ठेवायची सोय, चालू असेल तर फोनमधूनही.

यादी तपासून देणारं एक बटण असतं. कोणता पासवर्ड फुटलाय, कोणता कच्चा आहे, कोणता दहा ठिकाणी वापरलाय, हे ते सांगतं. लाल अक्षरांत सांगतं, म्हणून तिकडे बघू नये, बीपी वाढतं. दहा ठिकाणी एकच पासवर्ड ही तर काटकसर झाली. शिवाय परंपरा आपल्या बाजूनं आहे. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर पडले. कंपनीनं ते कसलीही झाकपाक न करता जसेच्या तसे साठवले होते, आणि त्यात सगळ्यांत लाडका निघाला १२३४५६. इतक्या माणसांचं चुकेल काय? आणखी मागे जायचं तर अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या सुमारास एका सामायिक कॉम्प्युटरवर पासवर्ड आले, आणि १९६२ मध्ये तिथल्याच एका संशोधकाला कॉम्प्युटरवर वेळ कमी पडत होता म्हणून त्यानं पासवर्डांची अख्खी फाइल छापून घेतली. छापायला त्यानं मशीनलाच सांगितलं. म्हणजे झेरॉक्सवाला तेव्हाही होताच.

छापण्यावरून आठवलं, ‘एक्स्पोर्ट’ विसरू नका. सगळे पासवर्ड एका साध्या फाइलीत उतरतात, एक्सेलमध्ये उघडतात, साइट-युजरनेम-पासवर्ड अशा सरळ रकान्यांत. फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसेल, असा इशारा ब्राउझर देतो. तो घाबरट आहे. ती फाइल डाउनलोड्समध्ये पडू द्या, मग ‘फॅमिली’ ग्रुपवर टाका, म्हणजे बॅकअप झाला. ग्रुपमध्ये पुण्याचे मावसभाऊ आणि एक अनोळखी नंबरही आहे, पण इतकं कोण बघतं.

आता मन लावून ऐका, खरी कला इथे आहे. केवायसी संपल्याचा मेसेज येईल, लिंक येईल, लिंकवर हुबेहूब तुमच्या बँकेचं पान. फक्त तिथे ब्राउझर पासवर्ड भरणार नाही. तो रंगरूप बघत नाही, वरचा पत्ता बघतो, आणि पत्त्यात एक अक्षर जरी इकडचं तिकडे असलं तरी ढिम्म हलत नाही. तुम्ही मात्र असं समजा की आज याचं डोकं फिरलंय. सेटिंग्जमध्ये जा, डोळा दाबा, पासवर्ड कॉपी करा आणि त्या पानावर स्वहस्ते चिकटवा. दारावरच्या कुत्र्यानं चोर हेरला, तर कुत्र्याला बांधून चोराला चहा विचारण्यात जो पाहुणचार आहे, तो यात आहे.

इतकी मेहनत नको असेल तर सोपा मार्ग आहे. शेजारच्या पोराकडून फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकून घ्या. ‘‘अँटिव्हायरस बंद करा काकाजी, नाही तर चालत नाही ते,’’ असं तो म्हणेल, तर बंद करा. ब्राउझर पासवर्ड कुलपात ठेवतो हे खरं, पण ते कुलूप तुमच्या लॉगिनसाठी उघडतं, आणि तुमच्याच लॉगिनखाली तुम्हीच चालू केलेला प्रोग्राम त्याच्या नजरेत घरचाच. २०२४ च्या जुलैत क्रोमनं विंडोजवर एक जादा कुलूप बसवायला सुरुवात केली, तर चोरांनी काही महिन्यांतच त्याच्याही वाटा शोधल्या. पोरगं हुशार आहे, पैसेही घेत नाही.

एवढं सगळं करून खातं रिकामं झालंच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करण्याची घाई करू नका. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येऊ शकते, म्हणून आधी ग्रुपवर चर्चा घ्या, मग साल्याला विचारा, मग रविवार जाऊ द्या. पासवर्ड तोच राहू द्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हॅकरचा एक दणदणीत बडग्या (मारबत मिरवणुकीत इडापिडा घालवायला काढतात तो पुतळा) करा, गळ्यात पाटी अडकवा आणि मिरवणुकीत घसा फोडून ओरडा, ‘‘हॅकरले घेऊन जा गे मारबत!’’ पाटीवर पासवर्ड तेवढा लिहू नका. मोहल्ल्याला तो पाठच आहे, उगाच रंग कशाला घालवायचा.