सोमच्या लढाईचा तो फोटो आणि आपली मराठा पलटण

साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय, खंदकातून सैनिक वर चढतायत, एकजण तिथंच घसरून पडतोय, खाली लिहिलंय '१९१६, सोमची लढाई, मराठा पलटणीचा हल्ला, खरा फोटो'. मंडळी, सोमची लढाई पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झाली हे खरं, पण फोटोखाली लिहिलेलं चुकीचंय.

पहिली गोष्ट, हा फोटो नाही, १९१६ च्या ब्रिटिश सरकारी प्रचारपटातली फ्रेम आहे आणि तो सीन आघाडीच्या मागं, ट्रेनिंगच्या जागेवर मुद्दाम घडवून शूट केलेला. नीट बघा ना, समोर काटेरी तार धड नाही, पाठीवर सामान नाही, आणि खऱ्या हल्ल्यात कॅमेरावाला एवढ्या उघड्यावर उभा राहिला असता तर वाचला असता का? लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर सैनिक मेले, ते असं जवळून कुणी शूट केलेलं नाही. पण म्हणून अख्खा पिक्चर खोटा म्हणू नका, हॉथॉर्न रिज या टेकाडाखालच्या सुरुंगाचा स्फोट खराय, जखमी पण खरे.

दुसरं, ते सैनिक ब्रिटिश आहेत. आपल्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांनी कुत शहराला घातलेल्या वेढ्यात उपाशी अडकलेल्या, २९ एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली आणि पुढं तुर्कांच्या कैदेत कितीतरी जण मेले. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी त्या महायुद्धात माणसं गमावलीत, त्यांच्या नावावर दुसऱ्याचा घडवलेला सीन चिकटवलेला मला तरी सहन होत नाही. ज्यांनी फॉरवर्ड केलाय त्यांनी हे पण त्याच ग्रुपवर टाका.