पूसँचे चार ऋतू म्हणजे चार देव नव्हेत

निकोला पूसँ या फ्रेंच चित्रकाराच्या 'चार ऋतू' या मालिकेची छायाचित्रे फिरत असतात आणि त्यांच्यासोबत एक ठरावीक मजकूरही फिरतो. वसंत म्हणजे फुलांची देवी फ्लोरा, ग्रीष्म म्हणजे धान्याची देवी सेरेस, शरद म्हणजे मद्याचा देव बॅकस आणि हिवाळा म्हणजे म्हातारा सॅटर्न. ही चित्रे चौदाव्या लुईने महालाच्या सजावटीसाठी काढवून घेतली. आणि चित्रकाराचा हात थरथरत असल्यामुळे ती दुबळी आहेत, असे त्यात म्हटलेले असते.

ऋतूंना देवदेवता नेमून देण्याची पद्धत फ्रेंच चित्रकलेत होती, हे आधी मान्य केले पाहिजे. वातो या चित्रकाराने पिएर क्रोझा या धनिकाच्या भोजनगृहासाठी काढलेल्या ऋतुचित्रांपैकी ग्रीष्माच्या चित्रात कोयता घेतलेली सेरेस ढगांवर बसली आहे आणि तिच्याभोवती मिथुन, कर्क व सिंह या राशी आहेत. (तिथला कर्क खेकड्यापेक्षा झिंग्याच्या जातकुळीतला दिसतो, ही गंमत वेगळी.) मात्र हा साचा सर्वांनी पाळला असे नाही. बूशे या चित्रकाराने 1755 मध्ये पंधराव्या लुईच्या प्रेयसी मादाम द पाँपादूरसाठी काढलेल्या चार ऋतूंमध्ये देव नाहीतच. तिथे प्रेमी युगुले, स्नान करणाऱ्या स्त्रिया आणि बर्फावरची गाडी आहे. देलाक्र्वा या चित्रकाराने पुराणकथा घेतल्या खऱ्या, पण त्याचा वसंत फ्लोराचा नसून फुले वेचताना सर्पदंश झालेल्या, ग्रीक पुराणातल्या युरिडिसीचा आहे.

पूसँच्या मालिकेला तर तो साचा अजिबातच लागू पडत नाही, कारण तिची चारही चित्रे बायबलच्या जुन्या करारातल्या प्रसंगांची आहेत. वसंतात एदेन बागेतले आदाम आणि हव्वा आहेत, ग्रीष्मात पिकलेल्या शेतात जमीनमालक बोअझपुढे गुडघे टेकलेली विधवा रूथ आहे, शरदात देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या वचनदत्त भूमीतून द्राक्षांचा अवाढव्य घड काठीला टांगून खांद्यावरून आणणारे दोन हेर आहेत आणि हिवाळ्यात जलप्रलय आहे. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असा दिवसाचा क्रमही त्यांतून सरकत जातो. काही अभ्यासकांना गव्हात सेरेसची आणि द्राक्षांत बॅकसची सूचना दिसते. ती असू शकेल, पण सूचना असणे आणि चित्राचा विषय असणे यांत फरक आहे.

राजाविषयीचे विधान कागदोपत्रीच खोटे ठरते. ही चित्रे पूसँने 1660 ते 1664 या काळात रोममध्ये राहून काढली आणि ती मागवणारा होता ड्यूक द रिशल्यू, म्हणजे प्रसिद्ध कार्डिनल रिशल्यूच्या बहिणीचा नातू आणि त्याचा वारस. राजाकडे ती 1665 मध्ये आली. ड्यूक टेनिसच्या पैजेत ती हरला, अशी कथा सांगतात. आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

हात थरथरत होता, हे मात्र खरे आहे. स्वतः पूसँने पत्रांतून तशी तक्रार केली आहे, आणि झाडांच्या पानांच्या तुटक ठिपक्यांत तो कंप दिसतोही. पण दुबळेपणाचा निष्कर्ष काढणाऱ्याने 'हिवाळा' सावकाश पाहावा. त्यात बर्फ नाही. शिशासारख्या करड्या आभाळात सूर्याची फिकट चकती आहे, विजेची एक रेघ आहे, धबधब्याच्या कडेवर एक होडी उलटते आहे आणि पुढच्या होडीतली बाई आपले मूल खडकावरच्या माणसाच्या हाती देण्यासाठी वर उचलते आहे. डावीकडे खडकावरून एक साप सरपटत वर चालला आहे. एदेनच्या चित्रात, जिथे हव्वेला भुलवणारा साप असायलाच हवा होता, तिथे तो दिसत नाही. तो चौथ्या चित्रात येतो.