'ऑरगॅनिक आहे म्हणजे कुत्र्याला सेफ' हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय की बागेत केमिकल बंद करा, फक्त सेंद्रिय खत वापरा, मग कुत्रा बिनधास्त मोकळा सोडा, काहीही खाल्लं तरी चालतं. अर्धं बरोबर आहे, पण उरलेलं अर्धं जिवावर बेतू शकतं.

एरंडीच्या पेंडीचंच उदाहरण घ्या, म्हणजे बियांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा, जो खत म्हणून वापरतात. शंभर टक्के सेंद्रिय, पण एरंडीच्या बियांमधलं रायसिन हे विष पेंड नीट प्रोसेस केलेली नसेल तर तिच्यात शिल्लक राहतं, आणि कुत्र्यांना त्या पेंडीचा वास इतका आवडतो की ते माती उकरून खातात, त्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर मग विचारायलाच नको. उलट्या, रक्ताची जुलाब असा त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो त्यामुळे आपल्याला वाटतं काही झालं नाही! तसं थांबू नका, लगेच व्हेटला फोन करा, खताची पिशवी सोबत न्या, घरच्या घरी मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका.

कोकोच्या सालींचं मल्चही (मातीवर पसरायचं आच्छादन) तसंच, चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हे कुत्र्यांना विषारी द्रव्य त्यात असतं. बुरशी आलेल्या कंपोस्टने तर झटके येऊ शकतात म्हणून डब्याला घट्ट झाकण हवंच. आणि हो, विषारी कण्हेर पण नैसर्गिकच आहे ना?

गांडूळखत त्यातल्या त्यात बरं, तेही मातीत नीट मिसळून.