थेंबे थेंबे बिल साचे

सगळ्यात आधी नव्या घराबद्दल अभिनंदन. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, जिथे कुठे घेतलं असेल तिथे मागे छान झाडी, संध्याकाळी बॅकयार्डमधे हरणं येतात, तुम्ही फोटो टाकलात आणि इंडियातल्या मावशीने "किती गोड गं" लिहिलं. हरीण तसं बिचारं निर्दोष आहे, लाइम या गोचीड चावून होणाऱ्या आजाराचा जंतू बहुतेक वेळा पांढऱ्या पायाच्या उंदराकडून गोचिडीत येतो, हरीण म्हणजे गोचिडींचं नुसतं लॉजिंग-बोर्डिंग. पण उंदराचा फोटो कोण टाकणार.

तर लाइमवर जडीबुटीचाच कोर्स करायचा असं तुमचं ठरलंच असेल तर पहिली अट नीट वाचा, वेळेवर काहीही करायचं नाही. मे-जूनमधे पायावर, काखेत, गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढं काळं काहीतरी चिकटलेलं दिसलं तर तीळ समजून सोडून द्या. गोचीडच आहे हे कळलं तरी बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढायची नाही, कारण तसं केलं तर ती निघते. व्हॅसलीन लावा, नेलपॉलिश लावा, काडी पेटवून चटका द्या, यूट्यूबवर अजून काय काय आहे ते बघा, तेवढ्यात जातो वेळ. जंतू अंगात शिरायला बहुतेक वेळा 24 तासांहून जास्त ती चिकटून राहावी लागते, तेवढा तिला द्यायलाच हवा ना.

मग काही दिवसांनी लाल चट्टा उठेल, हळूहळू पसरत जाणारा. इंटरनेटवरचे फोटो सगळे गोऱ्या कातडीवरचे, मधे टिंब आणि बाहेर रिंग, अगदी नेमबाजीच्या बोर्डासारखे. आपल्या सावळ्या रंगावर ते तसं दिसत नाही, कित्येकदा नुसता लालसर-जांभळट डाग दिसतो, तेव्हा "नायटा झालाय" असं घरातल्या घरात ठरवून सुटकेसमधून आणलेलं मलम चोळत बसा.

या काळात चुकून डॉक्टरकडे गेलात तर सगळा घात. तो डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक लिहून देणार, चट्ट्याच्या स्टेजला साधारण 10 दिवसांचा कोर्स, जेनेरिक गोळी, आणि बहुतेक लोक बरे होतात, विषय संपला. अमेरिकेत दरवर्षी अंदाजे 4 लाख 76 हजार लोकांवर लाइमचे उपचार होतात, ते सगळेच असे गुपचूप बरे होऊन कामाला लागले तर टिंक्चरवाल्यांनी, म्हणजे जडीबुटीचे अर्क विकणाऱ्यांनी, काय भाजलेली कणसं विकायची? अगदी डॉक्सी घ्यावीच लागली तर निदान तिच्यासोबत कॅल्शियम, लोह आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या गिळा, ते तिला पोटातच धरून ठेवतात, रक्तात नीट जाऊ देत नाहीत. आणि मग सगळ्यांना सांगत सुटा की अँटिबायोटिकने काही फरक पडला नाही बाई.

आता एक गोष्ट जरा सरळ तोंडाने सांगतो. पूर्ण कोर्स वेळेवर घेऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांना पुढे कित्येक महिने थकवा, सांधे दुखणं, डोक्यात धुकं असं राहतं. ती माणसं नाटक करत नाहीत. हे नक्की का होतं ते कळलेलं नाही, आणि अशा माणसाला सात मिनिटांची अपॉइंटमेंट देऊन "रिपोर्ट नॉर्मल आहेत, स्ट्रेस असेल" म्हणून बाहेर काढणारे डॉक्टर हे बाटलीवाल्यांचे सगळ्यात मोठे सेल्समन आहेत, तेही बिनपगारी. याची परंपरा जुनी आहे बरं का. 1975 च्या सुमाराला कनेक्टिकटमधल्या लाइम गावात मुलांचे गुडघे सुजायला लागले तेव्हा पॉली मरे नावाची एक आई दारोदार सांगत होती की हे काहीतरी वेगळं आहे, आणि बरीच वर्षं तिला कोणी धड ऐकून घेतलं नव्हतं. शेवटी येल विद्यापीठाच्या लोकांनी तपास केला, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडीत जंतू सापडला, आणि बाई बरोबर होत्या हे सिद्ध झालं. तुम्हाला हा किस्सा फार उपयोगी पडणार आहे. कोणी पुरावा मागितला की पॉली मरेचं नाव घ्या, तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता म्हणजे आता प्रत्येकाच्या प्रत्येक बाटलीवर ठेवायलाच हवा. (तिने तपास करा म्हणून पाठपुरावा केला होता, थेंब विकले नव्हते, पण एवढं कोण बघतं.)

तर आता खरेदी. मुख्य औषध जपानी नॉटवीड. ही तीच वनस्पती जी तुमच्या टाउनशिपच्या नाल्याकाठी माजलीय, फरशा फोडून वर येते, जी मारायला शेजारी लँडस्केपरला दर उन्हाळ्यात पैसे देतो. तुम्ही तिचं मूळ अल्कोहोलमधे भिजवलेलं, काळ्या बाटलीत भरलेलं, ऑनलाइन मागवायचं. शेजाऱ्याकडून फुकट मिळालं असतं हा विचार मनात आणू नका, फुकटचं औषध लागू पडत नाही. त्यासोबत पेरूहून कॅट्स क्लॉ, आफ्रिकेतून क्रिप्टोलेपिस, एक आर्टेमिसिया, आणि "बायोफिल्म" म्हणजे जंतूंभोवतीचा चिकट थर "तोडणारं" काहीतरी, ते असल्याशिवाय प्रोटोकॉल हा शब्द शोभत नाही. पहिल्या दिवशी एक थेंब, मग दोन, असं वाढवत न्यायचं, एक्सेल शीट करायची. आपल्या लोकांना एक्सेल शीट दिली की निम्मा विश्वास तिथेच बसतो.

नवरा इंजिनिअर असेल आणि "याला प्रूफ काय" विचारेल, तर 2020 चा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा पेपर त्याच्या तोंडावर टाका. पेपर खरा आहे, क्रिप्टोलेपिस आणि नॉटवीडने लाइमचे जंतू चांगले मारले असं त्यात आहेच. काचेच्या भांड्यात मारले हे मात्र हळू आवाजात सांगा, काचेच्या भांड्यात फिनाइलनेही मरतात. आणि त्याच पेपरमधे आपला काळमेघ आणि स्टीव्हिया या दोघांचा फारसा काही परिणाम दिसला नाही असंही लिहिलंय, ते पान स्क्रोल करताना अंगठा जरा जोरात फिरवा, कारण दोन्ही बाटल्या तुम्ही आधीच मागवल्यात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सुरुवात कधी करायची. ज्या आठवड्यात सगळ्यात वाईट वाटतंय त्याच आठवड्यात. ही दुखणी वर-खाली होत राहतात, तळाशी असताना काहीही सुरू केलं, अगदी चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा अंगारा लावला तरी पुढच्या आठवड्यात जरा बरं वाटतंच. 2001 साली लाइमनंतरच्या दुखण्यावर तीन महिने अँटिबायोटिक देऊन बघितलेली ट्रायल छापून आली, त्यात रक्तात लाइमच्या अँटिबॉडी असलेल्या गटात खरं औषध घेणाऱ्यांतले 37 टक्के लोक सुधारले आणि डमी औषध घेणाऱ्यांतले 40 टक्के. म्हणजे नुसत्या डमीवर शंभरात चाळीस जण! एवढं भांडवल आयतं मिळत असताना माणसांवर ट्रायल वगैरे करायच्या भानगडीत कोण पडेल.

आणि बरं नाही वाटलं तर? त्याची सोय आहे. त्याला "हर्क्स होतंय" म्हणायचं. जंतू मेले की त्यांचं विष बाहेर पडतं आणि माणसाला ताप भरतो, थंडी वाजते, ही रिअ‍ॅक्शन खरीच असते, पण ती अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत होते आणि जाते. तुम्ही ती तीन महिने चालवा. उलटी झाली, हर्क्स. अंगावर पित्त उठलं, हर्क्स. झोप उडाली, सासूबाईंशी भांडण झालं, तेही हर्क्सच. बरं वाटलं तर औषध लागू पडलं, वाईट वाटलं तर जास्तच लागू पडलं आणि काहीच नाही वाटलं तर डोस कमी पडतोय. असा परीक्षेचा पेपर बारावीला मिळाला असता तर आपण सगळेच मेडिकलला गेलो असतो.

मधून मधून रक्त तपासत राहा. अँटिबॉडी आजार बरा झाल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात, त्यामुळे टेस्ट पॉझिटिव्ह येत राहील आणि उत्साह टिकून राहील. निगेटिव्ह आली तर लॅब बदला, इन्शुरन्स न घेणारी, रोख पैसे मागणारी, ती जास्त समजूतदार असते.

इंडियाची बाजू विसरून चालणार नाही. आईला नुसतं "अंग दुखतंय" सांगितलंत की पुढच्या येणाऱ्या माणसासोबत गुळवेल, अश्वगंधा आणि कुठल्याशा वैद्याच्या भस्माच्या पुड्या येतील. सगळं एकदम सुरू करा, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत. 2004 साली बोस्टनच्या आसपासच्या देशी दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी 70 उत्पादनं तपासली तेव्हा त्यातल्या 14 मधे शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं, पण ती तिन्ही निसर्गातच सापडतात, मग तक्रार कसली. 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या पेशंटचा रिपोर्ट छापला, तेव्हा आयुष मंत्रालयाने लगेच त्याला आक्षेप घेतला, मग तुम्ही आम्ही कोण बोलणार. हळदीच्या गोळ्यांनीही अमेरिकेत लिव्हरच्या केसेस झाल्यात, मिरीचा अर्क घातलेल्या असतील तर शोषण अजून वाढतं. आमटीतल्या चिमूटभर हळदीने कोणाला काही झालेलं नाही, पण आमटीला प्रोटोकॉल म्हणता येत नाही ही तिची अडचण.

बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या दाव्यांची तपासणी एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध खात्याने, केलेली नाही आणि हे उत्पादन कुठलाही आजार बरा करण्यासाठी नाही. सप्लिमेंटसाठीच्या 1994 च्या कायद्यापासून ही सोय आहे, बाजारात आणायच्या आधी ते उपयोगी पडतं हे सिद्ध करावं लागत नाही. म्हणजे अख्ख्या बाटलीवर एकच वाक्य खरं, आणि ते वाचायला चष्मा लागतो.

वर्षाच्या चेकअपला डॉक्टर विचारेल, काही सप्लिमेंट घेता का. "नाही" म्हणायचं. गोळी म्हणजे औषध, थेंब म्हणजे घरचं, ते कशाला सांगायचं. मग रिपोर्टमधे लिव्हरचे आकडे नेहमीच्या दहापट आले आणि डोळे पिवळे दिसायला लागले की तो गोंधळेल, हिपॅटायटिसच्या सगळ्या टेस्ट करेल, दारू किती पिता विचारेल, विचारू द्या. तुम्ही शांतपणे घरी येऊन प्रोटोकॉलचं शेवटचं पान उघडा, तिथे "लिव्हर सपोर्ट" नावाची अजून एक बाटली असते, तीही कार्टमधे टाका, चारच्या वर घेतल्या तर शिपिंग फ्री आहे.