तुटके नेट आणि सर्व्हरची पॅकेजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर्व्हरवरील सॉफ्टवेअर पॅकेजे टर्मिनलवरून कशी सांभाळावीत, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे, की ‘एप्ट’च्या (डेबियन, उबुंटू या लिनक्स प्रणालींत पॅकेजे बसवणाऱ्या साधनाच्या) कमांड हाताने देण्याचे दिवस गेले, अपडेट आपोआप होऊ द्यावेत किंवा सरळ डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या पॅकेजांसह तयार ‘इमेज’मधून वेगळा चालवणारे साधन) वापरावे, ‘होल्ड’ लावून पॅकेज रोखले तर सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडतात, पायथनसाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून अलग अशी पॅकेजे ठेवण्याची जागा) करणे हा नसता खटाटोप आहे, आणि “ज्यांच्या गावी धड नेट टिकत नाही त्यांनी सर्व्हर सांभाळण्याचे धडे देऊ नयेत.”

स्क्रिप्टमध्ये ‘एप्ट’ऐवजी ‘एप्ट-गेट’ ही त्याची जुनी, स्थिर कमांड लिहावी, ही आपली सूचना रास्त आहे. स्क्रिप्टमधून चालवल्यास एप्ट स्वतःच तसा इशारा देतो. लेखात तेवढा बदल केला आहे.

आता त्या शेवटच्या वाक्याविषयी, कारण बाकीची प्रतिक्रिया त्याच सुरात लिहिलेली दिसते. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो आणि सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे. इथे लाईन जाते, थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो आणि एसएसएचचे (दूरच्या सर्व्हरवर टर्मिनल उघडून देणारे) कनेक्शन मध्येच तुटते. नेमके त्या वेळी अपग्रेड चालू असेल आणि ते टीमक्समध्ये (कनेक्शन तुटले तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवलेले नसेल, तर डीपीकेजी (एप्टच्या हाताखाली पॅकेजे प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्रॅम) अर्ध्यावर थांबू शकतो : काही पॅकेजे उलगडलेली असतात, पण त्यांचे कॉन्फिगरेशन राहून गेलेले असते. मग डीपीकेजीला उरलेली सगळी पॅकेजे कॉन्फिगर करण्यास सांगावे लागते आणि तरीही अवलंबित्व (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) जुळले नाही, तर एप्टचा ‘फिक्स-ब्रोकन’ हा दुरुस्तीचा पर्याय चालवावा लागतो. हे सारे मी लेखात लिहिले, ते नेट तुटते म्हणूनच लिहिले. ज्याचे नेट कधी तुटतच नाही, त्याला टीमक्स कशासाठी लागतो हे कळण्याची वेळच येत नाही. त्याने ते इतरांना शिकवावे, असा आपला आग्रह दिसतो.

नेट तर सोडाच, घरी फोनची तारही नव्हती तेव्हापासून मी हे काम करतो आहे. उबुंटूच्या सीडी टपालाने फुकट येत असत (ती योजना २०११ साली बंद झाली), आणि सीडीवर नसलेल्या पॅकेजच्या ‘डेब’ फाइली मी नागपूरच्या सायबर कॅफेत उतरवून पेनड्राइव्हवर गावी आणत असे. डीपीकेजी अवलंबित्वे स्वतः आणून देत नाही. एक लायब्ररी राहून गेली, की पुन्हा एसटीने नागपूर. एप्ट होकार मागण्यापूर्वी जी यादी दाखवतो, ती शेवटपर्यंत वाचण्याची आणि त्यातही ‘काढून टाकली जाणारी पॅकेजे’ हा भाग आधी पाहण्याची सवय मला त्या बसभाड्याने लावली. आपणांस ती जुनाट वाटत असेल, तर वाटो.

आपोआप होणाऱ्या अपडेटना माझा विरोध नाही. मात्र एखाद्या पॅकेजची कॉन्फिगरेशन फाइल आपण हाताने बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदलली असेल, तर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे आपोआप अपडेट करणारे साधन ते पॅकेज मुळात मागेच ठेवते, कारण जुनी फाइल ठेवावी की नवी घ्यावी, या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस तिथे नसतो. तो माणूस शेवटी टर्मिनलवरच येतो, महाशय.

डॉकरविषयी एवढेच, की डेबियनवर बेतलेल्या इमेजच्या आतही एप्टच असतो. पायथनविषयी त्याहून कमी : २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजे बसवणारा प्रोग्रॅम) सिस्टिमच्या पायथनमध्ये काही बसवण्यास स्वतःहून नकार देतो आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करायला सुचवतो, तेव्हा तो ‘खटाटोप’ माझा नव्हे. ‘होल्ड’चा मुद्दा इथे गौण आहे, त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

यापुढेही आपल्या प्रतिक्रियांचे स्वागतच आहे. फक्त त्या पॅकेजांविषयी असाव्यात, माझ्या गावाविषयी नव्हेत.